वडिलांचा एकच टॉन्सिल सुजलाय, मानेत गाठ आहे. देवगडहून कुठे न्यावं?

खाडीकाठ (१७ जुलै)

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा ५८ वर्षांचे, तांडेल आहेत, सगळा जन्म दर्यावर गेला. शिमग्यापासून त्यांच्या घशात उजव्या बाजूला टोचतं. आधी वाटलं काटा अडकला असेल. गावातल्या डॉक्टरांनी टॉन्सिल सुजलेत म्हणून गोळ्या दिल्या. पाच दिवस बरं, मग पुन्हा तेच. असे अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. आता दीड महिना उजवा कान दुखतोय, पण कान तपासला तर आत काहीच नाही. परवा दाढी करताना त्यांच्याच हाताला जबड्याखाली गाठ लागली, सुपारीएवढी, दाबली तरी दुखत नाही. मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर उजवा टॉन्सिल डाव्याच्या दुप्पट आणि वरून खडबडीत. तंबाखू पंचवीसेक वर्षं आहे. दारू अधूनमधून.

बाबांचं एकच, "माका काय्येक जावक नाय, गार वाऱ्यान घसो धरलो." ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, बोट उतरवायची आहे, नारळी पौर्णिमा झाली की बघू म्हणतात. शेजारचे सांगतात टॉन्सिल काढून टाका, मोकळे व्हाल. काका म्हणतात गाठीला सुई लावली की ती पसरते. पहिल्यांदा जायचं कोणाकडे? आणि कोल्हापूर, गोवा की मुंबई? आईला मी अजून काही बोललेले नाही.

सुरंगी (१७ जुलै)

ताई, नारळी पौर्णिमेची वाट बघू नका. मी चौदा वर्षं कान-नाक-घसा विभागात परिचारिका होते. निदान मी करत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्याकडे त्या माणसाला त्याच आठवड्यात आत घ्यायचे: एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा, त्याच बाजूचा कान दुखतो पण कान स्वच्छ, आणि मानेत न दुखणारी गाठ. साध्या सुजेत बहुतेक वेळा दोन्ही टॉन्सिल लाल होतात, ताप येतो, आठ-दहा दिवसांत उतार पडतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेलं घशाचं दुखणं गोळ्यांवर ढकलायचं नसतं.

कान का दुखतो ते सांगते, म्हणजे बाबांनाही समजावता येईल. टॉन्सिल आणि कानाचा आतला भाग यांना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. दुखणं असतं घशात, मेंदूला वाटतं कान दुखतोय. कानात थेंब घालून ते थांबत नाही.

याचा अर्थ कॅन्सरच आहे असं मुळीच नाही. टॉन्सिलमध्ये पू धरतो, खडे होतात, क्षयरोगानेही टॉन्सिल आणि मानेच्या गाठी सुजतात, साधे मस्सेही असतात. कॅन्सर असला तरी तो दोन तऱ्हांचा असू शकतो. घशाच्या अस्तरातून वाढणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जास्त आढळतो. दुसरा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींमधल्या पेशींचा कॅन्सर, आणि त्याचा उपचार मुख्यतः औषधांनी होतो, मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. म्हणूनच आधी टॉन्सिल काढा हा सल्ला ऐकू नका. आधी तुकडा तपासायचा, मग ठरवायचं.

पहिली पायरी कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे हा विभाग आहे. ते नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून जिभेचं मूळ, घसा, स्वरयंत्र बघतील, बोटाने टॉन्सिल चाचपतील. मग टॉन्सिलची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं, आणि मानेच्या गाठीतून बारीक सुईने पेशी घेणं, म्हणजे एफएनएसी. सुईने गाठ पसरते ही भीती कोकणात घराघरात आहे आणि तिच्यापायी माणसं महिने घालवतात. काकांना सांगा, या तपासाने आजार पसरत नाही. टाळायचं ते वेगळंच: घशातलं मूळ न शोधता कोणी मानेची गाठच कापून काढतो म्हणालं तर तिथून उठा. आधीच चिरलेल्या मानेवर पुढची शस्त्रक्रिया आणि उपचाराचं गणित दोन्ही अवघड होतं.

घाटवाट (१७ जुलै)

घशातलं मूळ शोधण्याबद्दल माझा अनुभव. माझ्या मामांच्या मानेत अशीच गाठ होती. सुईने पाणी निघालं, 'पाण्याची गाठ, घाबरू नका' म्हणून घरी पाठवलं. पाच महिन्यांनी दुसरीकडे कळलं की मूळ टॉन्सिलमध्ये होतं. टॉन्सिलच्या कॅन्सरच्या गाठी कधी कधी आतून पाणीदार असतात. चाळिशीनंतर मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ साधी समजू नका. पहिल्या सुईत काही मिळालं नाही तर सोनोग्राफीत बघून पुन्हा करायला सांगा. मामा आज बरे आहेत, पण ते पाच महिने मला अजून बोचतात.

खाडीकाठ (१९ जुलै)

तुम्हा दोघांचे फार आभार. काल रात्री आईला सांगितलं. तिने बाबांना एवढंच म्हटलं की बोट कोणीही उतरवेल. उद्या ओरोसला जातोय. पुढचं मोठ्या ठिकाणीच करावं लागेल का? पैशांचं कसं होतं? आमचं रेशनकार्ड केशरी आहे.

कातळसडा (१९ जुलै)

कुठे जायचं हे अहवालावर सोडा, पण तयारी आत्ताच करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, केशरी कार्ड चालतं. त्यात शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं येतं, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि आधी मंजुरी घेऊनच. दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. पैसे भरण्याआधी तिथे जा, भरलेले परत मिळवणं कठीण जातं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा. आमचं एका अक्षरासाठी आठवडाभर अडलं होतं.

ठिकाणांचं म्हणाल तर चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, टाटाबरोबर त्यांचं कॅन्सरचं काम अनेक वर्षं चालू आहे. देवगडकरांना फोंडा घाटाने कोल्हापूर जवळ पडतं. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाही आपली माणसं जातात, पण तिथे गोव्याबाहेरच्यांना काय नियम आहेत ते आधी विचारा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, त्यांचंच केंद्र खारघरला, कोकण रेल्वेने गेलात तर पनवेलला उतरून जाता येतं. कुठेही जा, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. माझं मत विचाराल तर उपचार काय द्यायचा हे मोठ्या केंद्राच्या बोर्डाकडून ठरवून घ्या. तिथे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसतात. तोच उपचार घराजवळ नीट होत असेल तर तिथे घ्या. रेडिएशन लागलं तर सात आठवडे रोजची ये-जा ही लहान गोष्ट नाही.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. जागा पटकन भरतात.

खाडीकाठ (५ ऑगस्ट)

अहवाल आला. उजव्या टॉन्सिलचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मानेच्या गाठीतही त्याच पेशी. पी-१६ निगेटिव्ह लिहिलंय. एमआरआय आणि पेट स्कॅन झाला, फुप्फुसं-यकृत स्वच्छ आहेत. मुंबईच्या बोर्डाने शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. ७० ग्रे रेडिएशन ३५ भागांत, आठवड्याला पाच दिवस, आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. पी-१६ चं काय समजायचं? आणि शस्त्रक्रिया नको म्हणजे वेळ निघून गेली असं तर नाही ना? रात्रभर हाच विचार चालू आहे.

सुरंगी (५ ऑगस्ट)

नाही ताई, तसं नाही. टॉन्सिलची गाठ लहान आणि मान मोकळी असेल तर नुसती शस्त्रक्रिया किंवा नुसतं रेडिएशन पुरतं. मानेत गाठी आल्या की बऱ्याचदा शस्त्रक्रियेनंतरही रेडिएशन द्यावंच लागतं. मग रेडिएशन आणि केमो एकत्र देऊन गिळणं, बोलणं वाचवायचा प्रयत्न करतात. हा बरा करण्यासाठीचाच उपचार आहे.

पी-१६ म्हणजे एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूची खूण. पॉझिटिव्ह असेल तर आजार उपचाराला जास्त चांगली दाद देतो. निगेटिव्ह म्हणजे कारण बहुधा तंबाखू, आपल्याकडे तेच जास्त दिसतं. म्हणून बाबांची तंबाखू आजच सुटायला हवी. ती चालू राहिली तर रेडिएशनचा परिणाम कमी होतो आणि तोंड जास्त सोलवटतं. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कोणाचा पी-१६ पॉझिटिव्ह आला तर त्या माणसाच्या चारित्र्याची चर्चा करू नका. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो.

गुहागरकर मास्तर (६ ऑगस्ट)

मी स्वतः यातून गेलोय. डावा टॉन्सिल, ३५ रेडिएशन, सिस्प्लॅटिन. याला आता चार वर्षं झाली, शाळेत शिकवतो. कोणी मला आधी सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगतो.

दात आधी. रेडिएशननंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, तेव्हा काढायचे दात सुरू होण्याआधीच काढायचे आणि जखम भरायला दोनेक आठवडे द्यायचे. तंबाखू खाणाऱ्याचे दात कसे असतात ते मला माहीत आहे, माझे चार काढले. पुढे आयुष्यभर कुठल्याही दंतवैद्याकडे गेलं की रेडिएशन झाल्याचं पहिल्यांदा सांगायचं. सिस्प्लॅटिनने किडनी आणि ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका, कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं तर लगेच सांगा.

पहिले दोन आठवडे काही वाटत नाही. माणूस म्हणतो, एवढंच? तिसऱ्यापासून तोंडात फोड येतात, थुंकी चिकट दोरीसारखी होते, चव जाते. मला बांगड्याचं सार पुठ्ठ्यासारखं लागलं तेव्हा मी रडलो. सोलकढी, कैरी, लिंबू, मिरची सगळं बंद करा, आंबट जिभेला आगीसारखं झोंबतं. मला चाललं ते असं: तांदळाची गार पेज तूप घालून, नाचणीची आंबील ताक न घालता, नारळाच्या दुधात कालवलेला मऊ भात, तिखटाशिवाय कुळथाची पिठी, अंडं फेटून दुधात शिजवलेलं. दर दोन तासांनी थोडंथोडं. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा चिमूटभर घालून दिवसातून सहा-सात वेळा गुळण्या.

जेवणासाठी नाकातून नळी घालू म्हणाले तर बाबांना सांगा, ती हार नाही. मी दहा दिवस नको म्हणत राहिलो, वजन नऊ किलो उतरलं, शेवटी घातली. घालून मी वाचलो. मात्र नळी असली तरी घोट घोट पाणी गिळत राहायचं, नाहीतर घसा गिळणं विसरतो. गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून, दुखायला लागल्यावर नव्हे. मानेच्या कातडीला हळद, खोबरेल, कुठलाही लेप लावू नका, डॉक्टर देतील तेच मलम.

आणि मध्ये सोडू नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणूस म्हणतो, घरी चला, पुरे झालं. गणपती आले तरी जाऊ नका. चुकलेले दिवस आजाराला परत वाढायला मिळतात.

संपल्यावर तीन महिन्यांनी पेट स्कॅन होतो, त्याआधी केला तर सूज आणि आजार यांत फरक कळत नाही. मानेवर रेडिएशन झाल्याने पुढे थायरॉईड मंदावू शकतो. सहा-बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करत राहा. मला सारखी झोप यायची, खचलोय असं वाटायचं, कारण ते निघालं. तोंड कोरडं राहतं. मी पाण्याची बाटली घेऊनच वर्गात जातो.

खाडीकाठ (७ ऑगस्ट)

मास्तर, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुठ्ठ्यासारख्या साराला ते हसले, मग बराच वेळ गप्प बसले. तंबाखूची डबी त्यांनी आपणहून आईच्या हातात दिली. परवा तीन दात काढायचे आहेत.

खाडीकाठ (१५ सप्टेंबर)

उशिरा लिहितेय. २४ ऑगस्टला सुरू झालं, आज सोळावं झालं. धर्मशाळेत जागा मिळाली. आई आणि मी आलटून पालटून असतो. गेल्या आठवड्यात फोड आले, परवा नळी घातली. बाबा नको म्हणाले नाहीत. मानेची गाठ हाताला निम्मी लागते, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं.

बोट काकांनी उतरवली. रोज संध्याकाळी ते फोन करून वारा कुठला आणि जाळ्यात काय आलं ते सांगतात. बाबांना बोलताना त्रास होतो म्हणून ते नुसते हुंकार देतात.

मास्तर, एक विचारायचं होतं. दुपारी मिठाच्या गुळण्या केल्या की रात्री तोंडातून चिकट तार येते आणि झोपेत ठसका लागतो. तुम्ही उशी उंच करून झोपायचात की वाफ घ्यायचात?

गुहागरकर मास्तर (१५ सप्टेंबर)

दोन उशा, डाव्या कुशीवर. झोपायच्या आधी आणखी एकदा गुळणी, खोलीत ओला पंचा टांगून ठेवा. वाफ विचारल्याशिवाय नको, आतली कातडी आधीच भाजलेली असते. ठसक्याबरोबर ताप आला किंवा धाप लागली तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.