पंचवटीत राहणं म्हणजे शिक्षा? (कालच्या पोस्टला उत्तर)

गोदाकाठचा
काल इथे एकांनी लिहिलं, "नाशिकला उतरायचं तर कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोड. पंचवटीत राहणं म्हणजे पैसे देऊन शिक्षा." प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

अहो, देवदर्शनाला आलात ना? काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, सगळं पायी. तिकडे राहून पहाटे रिक्षाने गंगेवर (आमची गंगा म्हणजे गोदावरी) यायचं, घासाघीस करायची आणि वर 'नाशिक लांबलांब आहे' म्हणायचं! खिसा हलका असेल तर पंचवटीतली धर्मशाळा. थोडं सैल असाल तर सीबीएस (मधलं एसटी स्टँड)-शालिमारचे लॉज, त्र्यंबकची एसटी तिथूनच. स्वतःची गाडी असेल तर द्वारका, मुंबई नाका. नारायण नागबळीचा विधी करायचा असेल तर तीन दिवस त्र्यंबकलाच राहा, रोज तीस किलोमीटर ये-जा करू नका. आणि द्राक्षमळे बघत लोळायचं असेल तर गंगापूर धरणाकडे खुशाल जा. फक्त मग काळाराम लांब पडतो म्हणू नका.

सहजच
ती पोस्ट माझी. माझी आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. तुमच्या पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर खोली, लिफ्ट नाही, संडास भारतीय. गाडी घाटावर लावा म्हणाले. रात्री धरणातून पाणी सोडलं, पहाटे पाचला गाडी काढायला धावलो. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्याच्यावरून पूर मोजतात त्याच्या, कमरेला पाणी! तुमचं 'सगळं पायी' तिच्या गुडघ्यांना सांगा.

गोदाकाठचा
पावसाळ्यात घाटावर गाडी लावणाऱ्याला नाशिककर काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

उंबरठा
धर्मशाळा स्वस्त, हे कोणासाठी? वडिलांच्या अस्थी घेऊन एकटाच आलो होतो. पहिल्या ठिकाणी, "एकट्याला खोली देत नाही." दुसऱ्या ठिकाणी नाव सांगितलं, तर आडनाव. आडनाव सांगितलं, तर "आमच्या समाजासाठीच आहे." अस्थींची पिशवी मांडीवर घेऊन सीबीएसला बाकावर रात्र काढली. काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह १९३० साली झाला. त्या दारापासून चार पावलांवर मला आडनाव विचारलं.

पेशवाई_भत्ता
प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का? ट्रस्ट समाजाच्या पैशाने उभे राहिले, आधी समाजाला देणारच. आणि एकट्याला नाकारतात ते लोक खोलीत जिवाचं बरंवाईट करतात म्हणून. आमच्या काकांच्या लॉजवर झालंय, वर्षभर पोलीस स्टेशनच्या फेऱ्या.

उंबरठा
मी जात आणली नाही, काउंटरवर विचारली. फरक कळतो का?

सहजच
आणि ट्रस्टला करसवलत हवी असते तेव्हा 'सर्वांसाठी' असतं वाटतं.

पेशवाई_भत्ता
ताई, करसवलतीचा कायदा वाचून या.

नाशिकरोडची_आत्या
पुरे रे दोघांचं. उंबरठाभाऊ, तुमचं वाचून कसंतरी झालं. पण सगळीकडे असं नाही. आमच्याकडे गावाकडून बारा माणसं आली, घरात जागा नव्हती. मी स्वतः तीन धर्मशाळा फिरले. दोन ठिकाणी फक्त आधारकार्ड बघितलं.

उंबरठा
तीनातल्या दोन. तिसऱ्या ठिकाणी काय विचारलं, आत्या?

नाशिकरोडची_आत्या
...आडनावच.

गोदाकाठचा
ठीक आहे, 'धर्मशाळा' शब्द मागे घेतो. 'धर्मशाळा, आडनाव चालत असेल तर' असं वाचा. खूश? बाकी पंचवटीबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

सहजच
उपकार झाले. २०२७ च्या ऑगस्टात सिंहस्थाला राहा तुमच्या पंचवटीत, मग विचारते.

गोदाकाठचा
तेव्हा मी पुण्याला बहिणीकडे.

नवीन_सभासद
मंडळी, चौघे, दोन रात्री, पहाटे नाशिकरोडला उतरतोय. कुठे राहू?

नाशिकरोडची_आत्या
मुक्तिधामच्या आसपास बघा, स्टेशनपासून जवळ.

गोदाकाठचा
तिथून काळाराम लांब पडतो.