मदत हवी आहे: बिनचावीचं क्रिप्टो वॉलेट ॲपमध्ये जोडलं, क्लायंट आयडी बदलला आणि सगळ्यांचे पत्ते बदलले

तापीकाठ:
राम राम मंडळी. मी जळगावात राहून ॲप बनवतो. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या केळीवाल्यांसाठी एक छोटं काम हाती घेतलंय. गाडी भरली की काट्यावरचं वजन शेतकरी आणि व्यापारी, दोघांच्या सहीने ब्लॉकचेनवर नोंदवायचं. नंतर हिशोबाची पट्टी हातात येते तेव्हा वजनावरून भांडण नको. यात पैसे कुठेच फिरत नाहीत, फक्त पावती. क्रिप्टो व्यवहारावरच्या ३०% कर आणि १% टीडीएसचं झेंगट शेतकऱ्याच्या मागे लावायचं नाही, म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय.

सही म्हटली की वॉलेट आलंच. आधी नेहमीचं दिलं, ज्यात १२ इंग्रजी शब्द म्हणजेच चावी, आणि ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. काका म्हणाले, "बारा शबद मन्हा ध्यानमा कसा ऱ्हातीन रे भाऊ?" मग त्यांनी ते कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटामागे लिहून घेतले, मराठी अक्षरांत. पुढे फोन हौदात पडला. नवा फोन घेऊन पाकीट काढलं तर सातवा शब्द 'राईट'. त्या २०४८ शब्दांच्या यादीत उजव्या बाजूचा राईट आहे आणि लिहिण्याचा राईटही आहे. दोन्ही टाकून पाहिले, दुसऱ्याने उघडलं. पण त्या नादात काकांचे बाराही शब्द माझ्या लॅपटॉपवर टाईप झाले. ती सही आता एकट्या काकांची राहिली असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून सुई नावाच्या ब्लॉकचेनवरचं झेडकेलॉगिन जोडलं. शेतकरी गूगलने लॉगिन करतो, ब्राउझर मुदतीपुरती एक चावी (सही करणारा गुप्त आकडा) बनवतो, ती चावी गूगलच्या टोकनमधल्या, म्हणजे लॉगिनच्या डिजिटल चिठ्ठीतल्या, नॉन्स नावाच्या आकड्याशी बांधलेली असते, आणि टोकन उघड न करता ते खरं असल्याचा शून्य-ज्ञान पुरावा चेनवर जातो. पाठ करायला काही नाही. टेस्टनेटवर (सरावाच्या नेटवर्कवर) १४ जण आले, ८९ पावत्या झाल्या.

परवा गूगलवरचा प्रोजेक्ट माझ्या खासगी खात्यातून काढून गटाच्या नावाने नवीन केला. त्यात क्लायंट आयडी, म्हणजे गूगलकडची ॲपची ओळख, बदलला. सकाळी पहिला फोन काकांचाच: "पावत्या कोठे गयात?" सगळ्यांचे पत्ते (चेनवरचे खाते क्रमांक) बदलले होते. चूक माझी, हे कळतंय. पण उद्या मी हे काम सोडलं किंवा मलाच काही झालं, तर या लोकांच्या सह्यांचं काय? हे जोडायची बरोबर रीत काय?

वाल्मीक_घाट:
भो, आधी जुना क्लायंट आयडी परत लाव, पावत्या जागच्या जागी दिसतील. झेडकेलॉगिनमध्ये पत्ता चार गोष्टींवरून निघतो: लॉगिन कोणी दिलं (इथे गूगल), कोणत्या ॲपसाठी दिलं, त्या माणसाचा गूगलमधला कायमचा क्रमांक, आणि सॉल्ट, म्हणजे वरून मिसळलेला गुप्त आकडा. दुसरी गोष्ट म्हणजेच तुझा क्लायंट आयडी. सातबाऱ्यावर गट नंबर बदलला की उतारा दुसऱ्याच जमिनीचा निघतो, तसंच हे. पासवर्ड बदलला तर काही होत नाही, कारण पत्त्यात पासवर्ड नसतोच.

सॉल्ट कुठे ठेवलंय? नुसतं सॉल्ट चोराच्या हाती लागलं तर सही होत नाही, फक्त कोणत्या पत्त्यामागे कोण आहे ते उघडं पडतं. पण ते हरवलं तर पत्ताच सापडत नाही. एका मूळ बीजातून प्रत्येकाचं सॉल्ट काढ आणि त्या बीजाची प्रत सर्व्हरबाहेर दोन ठिकाणी ठेव.

तापीकाठ:
लावला. ८९ च्या ८९ दिसल्या, जीव भांड्यात पडला. सॉल्ट एकाच डेटाबेसमध्ये होतं, आज रात्रीच हलवतो. पण म्हणजे सगळं माझ्या एका आयडीवर टांगलेलं आहे. पासकी (बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी फोनमधली चावी) किंवा एमपीसी (चावीचे तुकडे करणारं वॉलेट) घेतलं असतं तर सुटलो असतो का?

कळणाभाकर:
नाही दादा. पासकी वेबसाईटच्या डोमेनला बांधलेली असते. तू डोमेनचे पैसे भरायला विसरलास की तीही गेली. शिवाय पासकी सहसा पी-२५६ नावाच्या गणिती वक्रावर सही करते आणि इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचं साधं खातं सेकपी२५६के१ या वेगळ्या वक्रावर चालतं, म्हणून तिकडे ईआरसी-४३३७ सारखं स्मार्ट खातं (चेनवरच्या प्रोग्रॅमने चालणारं) उभं करून सही त्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे काँट्रॅक्टमध्ये, तपासावी लागते. एमपीसीत चावीचे तुकडे वेगवेगळ्या जागी असतात. त्यातला एक बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर. कंपनीला दोनच प्रश्न विचार: सही करताना तुकडे एकत्र येतात की नाही, आणि तुमच्याशिवाय शेतकऱ्याला बाहेर पडता येतं की नाही. शमीर या गणितज्ञाच्या १९७९ च्या तुकडे करण्याच्या पद्धतीत चावी पुन्हा जोडावी लागते, थ्रेशोल्ड सहीत (प्रत्येक तुकडा आपापल्या जागी सही करतो) ती कधीच एका जागी येत नाही.

चावी कुठे जात नाही, फक्त ठेवणारा बदलतो. तुझ्यासाठी उपाय: सुईवर मल्टिसिग (एकापेक्षा जास्त चाव्यांचं खातं) कर. एक सभासद झेडकेलॉगिन, दुसरी साधी चावी, दोन्हींपैकी कोणतीही एक सही पुरे. ती चावी शेतकऱ्याच्याच फोनवर बनव, क्यूआर छाप, घरच्या कपाटात ठेवायला सांग. हाताने लिहून घेऊ नकोस, राईटचं रामायण पुन्हा नको. त्याच कागदावर मल्टिसिगमधल्या सगळ्या सार्वजनिक चाव्या (गुप्त चावीच्या उघड जोड्या) आणि प्रत्येक सहीला दिलेलं वजनही छाप, नाहीतर चावी असूनही सही जुळवता येणार नाही. मल्टिसिगचा पत्ता वेगळाच निघतो, तेव्हा खऱ्या नेटवर्कवर जायच्या आधीच कर.

पांझराकाठ:
तांत्रिक नाही, पण विचारते. त्या १४ जणांचे जीमेल नक्की त्यांचेच आहेत का? आमच्याकडे वडिलांच्या फोनवर पुण्याला शिकणाऱ्या पोराचा जीमेल असतो. मग सही कोणाची?

तापीकाठ:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्यांना फोन केले. १४ पैकी ५ जणांच्या फोनवर मुलाचं खातं निघालं, एकाच्या फोनवर तर मोबाईल दुकानदाराने बनवून दिलेलं, पासवर्ड दुकानदाराकडेच. रविवारी गावात जातोय. या सहा जणांचे जीमेल त्यांच्यासमोर बसून बनवतो, मग मल्टिसिग, मग कागद छापतो. प्रिंटर सोबत नेतोय. क्यूआर छापताना फोनमधून प्रिंटरला जाणारी फाईल मागे राहू नये म्हणून काय करता तुम्ही? ब्लूटूथचा थर्मल प्रिंटर आहे, पण त्याची छपाई उन्हाने उडते.