घरी बर्न केलेली डीव्हीडी शेवटच्या भागात अडखळते : मदत हवी आहे

आईवडिलांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटवरील चित्रण मी संगणकावर उतरवून डीव्हीडी-आर या एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर बर्न केले आहे, म्हणजे लिहिले आहे. ही डिस्क संगणकावर सुरळीत चालते. परंतु टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर साधारण दीड तासानंतर चित्र चौकोनांत फुटू लागते, आवाज तुटतो आणि अखेर चित्र गोठते. बाजारात मिळणाऱ्या छापील डीव्हीडी त्याच प्लेअरवर व्यवस्थित चालतात, त्यामुळे त्याची लेन्स खराब झाली असावी असे मला वाटत नाही.

चित्रण १ तास ५० मिनिटांचे असून पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचे, म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल आकाराचे आहे. सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रणासाठी वापरलेली माहिती, ५ मेगाबिट ठेवला होता, जो डीव्हीडी-व्हिडिओच्या ९.८ मेगाबिट या कमाल मर्यादेच्या बराच खाली आहे. डिस्क फायनलाइझ केलेली आहे, म्हणजे इतर प्लेअरवर चालावी म्हणून तिच्यावरील लेखन पूर्ण करून बंद केले आहे. बर्निंग मात्र १६ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने केले, आणि माझा संशय तिथेच आहे, कारण डीव्हीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते व बिघाड नेमका बाहेरच्या कडेजवळ होतो. डिस्कवर कागदी लेबलही चिकटवले आहे. त्याने फिरताना तोल जात असेल का?

पुन्हा बर्न करताना वेग ४ एक्स ठेवावा की ८ एक्स? की डीव्हीडी-प्लस-आर हा दुसरा प्रकार घेऊन तिचा बुक टाइप (प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम, म्हणजे छापील डिस्क, असा बदलणे अधिक खात्रीचे ठरेल? मूळ कॅसेटची फीत आता बुरशीने खराब झाली आहे, म्हणून अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.