प्रतिसाद: डीव्हीडीवर दिसणारे चौकोन

व्हीएचएस टेप थेट टीव्हीवर बरी दिसते, पण तीच डीव्हीडीवर उतरवली की माणसं हलताना चौकोन दिसतात, असं तुम्ही म्हणताय. म्हणजे व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) नव्हे, कॉम्प्रेशन (व्हिडिओ दाबून लहान करणं) तपासा. एका ४.७ जीबीच्या डिस्कवर किती तास भरताय? सहा तास भरले तर बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला मिळणारा डेटा) पावणेदोन एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) इतका कमी होतो. त्यात व्हीएचएसच्या चित्रात मुळातच बारीक मुंग्या असतात. एन्कोडर (व्हिडिओ दाबणारी यंत्रणा) त्यांनाही तपशील समजतो आणि बिट तिथेच खर्च होतात.

माझ्या मुलीच्या पहिल्या पावलांची टेप अशीच बिघडली होती. ती उभी असताना फ्रॉकवरची फुलंसुद्धा दिसायची, पाऊल टाकलं की नुसते ठोकळे! डिस्कवर दोनच तास ठेवले आणि ठोकळे गेले. जास्त वेळ बसवायचाच असेल तर (पाल, म्हणजे भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या टेपसाठी) ३५२ बाय ५७६ रेझोल्यूशन निवडा. व्हीएचएसची आडवी स्पष्टता जेमतेम २४० रेषांची, त्यामुळे फारसं काही गमावत नाही.

कडांना कंगव्यासारखे दात फक्त कम्प्युटरवर दिसत असतील तर तो इंटरलेसिंगचा (चित्र एकाआड एक रेषांच्या दोन भागांत साठवण्याचा) परिणाम आहे, फाईलला हात लावू नका. आणि मूळ टेप कृपा करून टाकून देऊ नका, कधी पुन्हा कॅप्चर करावी (उतरवून घ्यावी) लागेल.