‘हंगामी उदासी’ की ‘ऋतुनिष्ठ नैराश्य’?

प्रश्न

विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्याचे दिवस फार लहान होतात आणि काही माणसांना दर वर्षी त्याच सुमारास नैराश्य येऊन वसंतात ते ओसरते. नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या विकाराचे वर्णन करून त्याला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ असे नाव दिले. रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना मी ‘हंगामी उदासी’ असा शब्द योजला आहे. पण तो हलका वाटतो. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १

माझा आक्षेप दोन्ही पदांना आहे. ‘हंगाम’ हा फारसीतून आलेला शब्द पिकांच्या संदर्भात चपखल बसतो, परंतु ‘हंगामी अध्यक्ष’, ‘हंगामी कामगार’ अशा प्रयोगांमुळे ‘हंगामी’ला तात्पुरतेपणाची छटा चिकटली आहे. या विकाराची खूण मात्र पुन्हा पुन्हा येणे ही आहे. किंबहुना निदान करताना सलग दोन वर्षे तरी त्याच ऋतूत त्रास झाला का, हे पाहिले जाते. म्हणून ‘ऋतुनिष्ठ’ मला अधिक योग्य वाटतो. ‘ऋतुजन्य’ही चालेल, पण त्यातून थंडी हेच कारण असल्याचा समज होईल, आणि येथे मुख्य संशय कमी झालेल्या सूर्यप्रकाशावर व त्यामुळे विस्कटणाऱ्या शरीराच्या दिनचक्रावर आहे.

‘उदासी’ संध्याकाळी येते आणि सकाळी जातेही. जी अवस्था माणसाचे काम, नाती आणि झोप महिनोन्‌महिने बिघडवते, तिला ‘नैराश्य’च म्हणावे. ‘विषाद’ सुंदर शब्द आहे, पण अर्जुनाच्या विषादाला समोर उभे ठाकलेले कारण होते. येथे रुग्णाला सांगता येईल असे कारण बहुधा नसते.

प्रतिसाद २

‘ऋतुनिष्ठ नैराश्य’ मान्य आहे, परंतु पत्रकात त्याचे वर्णन सविस्तर द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नैराश्य म्हटले की झोप उडालेला, अन्नावरची वासना गेलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. या प्रकारात पुष्कळदा उलट घडते, म्हणजे झोप वाढते, गोड व पिष्टमय पदार्थ खावेसे वाटतात आणि वजन चढते. अशा माणसाला घरचे ‘आळशी’ म्हणतात, आणि तो शब्द आजाराइतकाच खोल लागतो. मी दोन हिवाळे तो ऐकला आहे.

‘लाइट थेरपी’साठी ‘प्रकाशोपचार’ हा शब्द वापरावा, ‘दिव्यासमोर बसणे’ असे लिहू नये. घरातल्या दिव्यांचा प्रकाश बहुधा काहीशे लक्स (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) असतो, तर या उपचारात सहसा १०,००० लक्सचा, अतिनील किरणे गाळलेला प्रकाश सकाळी सुमारे अर्धा तास घेतात आणि त्याकडे टक लावून पाहत नाहीत. द्विध्रुवीय विकार (ज्यात नैराश्य आणि उन्माद म्हणजे अतिउत्साह आलटून-पालटून येतात) असलेल्यांत त्याने उन्मादाची अवस्था उद्भवू शकते, आणि डोळ्यांचे आजार असलेल्यांनाही काळजी घ्यावी लागते. तेव्हा ‘डॉक्टरांना विचारून’ हे शब्द गाळू नयेत. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश घरातल्यापेक्षा बराच अधिक असतो, म्हणून सकाळी बाहेर फिरण्याचा सल्ला जरूर द्यावा. बोधनिक वर्तन उपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारा संवादातून होणारा उपचार) आणि औषधे यांचाही उल्लेख हवा, आणि जीव नकोसा वाटू लागल्यास त्याच दिवशी मदत मागावी, हे वाक्य ठळक अक्षरांत हवे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. शीर्षकात ‘ऋतुनिष्ठ नैराश्य’ घेतो. आणखी एक बदल करतो आहे: मूळ मसुद्यात ‘रुग्ण निराश असतो’ असे होते, ते आता ‘रुग्णाला नैराश्य असते’ असे लिहितो, कारण पहिल्या वाक्यावर ‘निराश होऊ नका’ हे उत्तर सहज सुचते, आणि तापलेल्या माणसाला मात्र आपण ‘तापू नका’ असे सांगत नाही.