अँडरसनच्या मांडीवर पोरांनी चढावं का?

रानवारा: कोपनहेगनला रोझेनबोर्ग राजवाड्याच्या बागेत परीकथा लिहिणाऱ्या हान्स अँडरसनचा पुतळा पाहिला. उंच चौथरा, एका हातात पुस्तक, दुसरा पुढे केलेला. जवळ एकही मूल नाही, आणि हे उगाच नाही. १८७५ साली, त्याच्या शेवटच्या वर्षी, शिल्पकारानं आराखडा दाखवला तेव्हा त्यात पोरं त्याला लगटून बसली होती. म्हातारा भडकला, म्हणाला, पाठीशी कुणी खेटून बसलेलं असताना मी कधी गोष्टी वाचून दाखवलेल्या नाहीत, मांडीवर पोरं तर सोडाच! मग पोरं गेली, १८८० मध्ये पुतळा बसला.

आता न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला १९५६ चा बघा. ठेंगणी बैठक, मांडीवर उघडं पुस्तक, समोर बदक, नि अंगावर ही पोरांची झुंबड. बिचाऱ्याला जे नको होतं नेमकं तेच. हा सन्मान नव्हे.

आळशी मांजर: अहो, गेलेल्या माणसाचे नखरे किती दिवस सांभाळायचे? लेक चार वर्षांची असताना तिला तिथे नेलं होतं. पोरांच्या घसरण्यानं त्याचा गुडघा सोन्यासारखा चकाकतो. हिनं बदकाच्या चोचीला बिस्कीट लावलं, खाईना म्हणून रुसली. तुमच्या चौथऱ्याशी कोण रुसणार? शिवाय या पुतळ्याला डेन्मार्क-अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी वर्गणी दिली होती. पैसे त्यांचे, मांडीही त्यांचीच.

रानवारा: वर्गणीचं मान्य. पण नखरा म्हणू नका. त्याच्या गोष्टींच्या १८३५ च्या पहिल्या पुस्तिकेवर 'मुलांना सांगितलेल्या' असं होतं, ते १८४३ पासून त्यानंच काढून टाकलं. त्याची 'सावली' ही कथा वाचा. माणसाची सावली मोठी होऊन त्याच्याच जिवावर उठते. लेकीला झोपताना सांगाल?

गुळपोळी: मध्येच बोलते. आपल्याकडे त्याच्या गोष्टीतलं ते कुरूप पिल्लू गदिमांच्या गाण्यातून घरोघरी आलं. माझ्या आजीला अँडरसन कोण ते ठाऊक नव्हतं, पण पिल्लाला सगळे हिणवतात तिथे तिचा आवाज कापायचा. गाणं आम्हा पोरांसाठी, रडायची ती.

रानवारा: हेच तर म्हणतोय मी, त्याच्या गोष्टी मोठ्यांच्याही आहेत!

आळशी मांजर: छे, हे माझ्या बाजूचं आहे. पोरं नसती तर आजी गायली असती का? सेंट्रल पार्कात उन्हाळ्यात शनिवारी त्या पुतळ्यापाशीच गोष्टी सांगतात. पोरांना घेऊन आलेले आईबाप मोबाईल खिशात टाकून ऐकतात.

रानवारा: ऐका की, कोण नको म्हणतंय? समोर बसून ऐका. त्याच्या मांडीवरून तेवढं उतरा.