परसातल्या खोलीची सौर वीज : आपापले अनुभव लिहावेत

परसदार

शेजारच्या आवारात परवा एका लहान खोलीच्या छपरावर सौर पॅनेल चढवण्याचे काम चालले होते. पॅनेल वर नेणारे दोघे, खालून सूचना देणारे चौघे आणि प्रत्येकाची सूचना दुसऱ्याच्या विरुद्ध, असा तो थाट पाहून आमच्या परसातल्या खोलीत वीज आणली तेव्हाची खटपट आठवली. घरातून केबल न्यायची तर वाटेत जुन्या झाडांची मुळे येत होती आणि चर खणून ती तोडायला कोणाचेच मन होईना, म्हणून खोलीपुरती स्वतंत्र सौर यंत्रणा उभारायचे ठरले.

पॅनेल किती वॅटचे घ्यावे, हे सगळे आधी विचारतात. आम्ही मात्र खोलीत काय काय चालणार आहे याची यादी आधी केली. 9 वॅटचे दोन दिवे रोज 5 तास म्हणजे 90 वॅट-तास, 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 8 तास म्हणजे 240, 50 वॅट घेणारा लॅपटॉप 4 तास म्हणजे 200 आणि रात्रंदिवस चालणारा 10 वॅटचा राउटर म्हणजे पुन्हा 240. बेरीज 770 वॅट-तास झाली. कोपऱ्यात मिणमिणणारा राउटर पंख्याच्या बरोबरीने वीज खातो, हे पाहून घरातले सगळेच चकित झाले. बॅटरी, वायर आणि इन्व्हर्टर यांत होणारी घट धरून रोजची गरज 1000 वॅट-तास, म्हणजे 1 युनिट मानली. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे कमीजास्त ऊन एकत्र केले असता ते साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतके भरते असे धरल्यास 222 वॅटचे पॅनेल पुरायला हवे. ढगाळ दिवसांचा विचार करून आम्ही 330 वॅटचे बसवले.

ज्यांनी असे काही स्वतः उभारले आहे किंवा उभारताना जवळून पाहिले आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

किरणवेडा

पॅनेल मोठे घेतलेत हे उत्तम केलेत, कारण मागच्या लेबलावरचे वॅट प्रयोगशाळेतले असतात. दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि सेलचे (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचे) तापमान 25 अंश सेल्सिअस, अशा स्थितीत ते मोजलेले असतात. भर दुपारी छपरावरच्या पॅनेलमधला सेल 60-65 अंशांपर्यंत सहज तापतो, आणि सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणजे 65 अंशांना सुमारे 14 टक्के वीज नुसत्या उष्णतेपायी जाते. पत्र्याला घट्ट चिकटवून पॅनेल बसवण्याचा आग्रह काही कारागीर धरतात, तो मोडून काढावा आणि खालून हवा खेळेल अशी वीतभर जागा सोडायला लावावी.

थंडीत याच्या उलट घडते. तापमान उतरले की पॅनेलचे व्होल्टेज चढते, त्यामुळे पॅनेल एकापुढे एक जोडणाऱ्यांनी चार्ज कंट्रोलरची (पॅनेलकडून बॅटरीकडे जाणारी वीज आवरणाऱ्या उपकरणाची) कमाल व्होल्टेजची मर्यादा सर्वांत गार सकाळ डोळ्यांसमोर ठेवून तपासावी.

एक बघ्या

माझ्या मेहुण्यांनी परसातल्या अभ्यासिकेसाठी सगळे साहित्य एकत्र मिळणारा तयार संच घेतला होता. पॅनेल 330 वॅटचे, बॅटरी 12 व्होल्टची आणि कंट्रोलर पीडब्ल्यूएम जातीचा. लख्ख उन्हातही बॅटरी भरेना, तेव्हा विक्रेत्याने प्रथम बॅटरीला दोष दिला आणि नंतर ढगांना. शेवटी ओळखीच्या एका वायरमनने पॅनेलच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरले, त्यावर 9 अँपिअरच्या जरा खाली आकडा दिसला आणि सगळा उलगडा झाला.

हे पॅनेल 37 व्होल्टच्या आसपास असताना 9 अँपिअर देते, तेव्हा कुठे 330 वॅट होतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला सरळ बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या 13 व्होल्टपर्यंत खाली ओढले जाते. प्रवाह मात्र 9 अँपिअरच राहतो. 13 गुणिले 9 म्हणजे 117 वॅट, बाकीचे छपरावरच राहिले! कंट्रोलर बदलून एमपीपीटी, म्हणजे पॅनेलला त्याच्या चढ्या व्होल्टेजवरच ठेवून बॅटरीसाठी व्होल्टेज उतरवणारा आणि प्रवाह वाढवणारा, बसवला, तेव्हा त्याच पॅनेलवर, तशाच उन्हात बॅटरीकडे 20 अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ लागला. पीडब्ल्यूएम टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. 36 सेलच्या, 18 व्होल्टच्या लहान पॅनेलसोबत तो व्यवस्थित चालतो. फक्त ही जोडी जमवून देणाऱ्याला दोन्ही लेबले वाचता यायला हवीत.

निवांत

सगळे प्रतिसाद वाचते आहे. आमची खोली अगदी लहान आहे, तेव्हा बॅटरी आत ठेवावी की बाहेर, हे कोणी सांगेल का?

तारतम्य

निवांत, ते बॅटरीच्या जातीवर अवलंबून आहे. पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हा वायू वर साचतो, म्हणून ती झोपण्याच्या खोलीत नको. बाहेर झडपा असलेल्या कपाटात ठेवावी आणि वरच्या बाजूला झरोका असावा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला ही अडचण नाही, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, त्यामुळे कडक थंडीच्या प्रदेशात ती आतच बरी.

आता माझा मुख्य मुद्दा वायरीचा आहे, कारण पॅनेल आणि बॅटरीवर तासन्‌तास बोलणारी मंडळी वायर मात्र हाताला लागेल ती वापरतात. तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर 10 मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन 20 मीटर होतात आणि तिचा रोध 0.0875 ओहम भरतो. तिच्यातून 20 अँपिअर नेले की 1.75 व्होल्ट वाटेतच गळतात. घरातल्या 230 व्होल्टमध्ये एवढी घट कोणाच्या लक्षातही येत नाही, पण 12 व्होल्टमध्ये ती साडेचौदा टक्के होते. कंट्रोलर छपराजवळ आणि बॅटरी खाली दूर, अशी मांडणी असेल तर आणखी एक गोष्ट होते : कंट्रोलरला 14.4 व्होल्ट दिसतात आणि बॅटरी भरली असे समजून तो हात आखडता घेतो, बॅटरीच्या टोकांवर मात्र 12.65 असतात. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी हवा आणि लांबचे अंतर पॅनेलकडच्या चढ्या व्होल्टेजने कापावे. नवी यंत्रणा असेल तर थेट 24 व्होल्टवर जावे; तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह निम्मा होतो आणि वायरीतला तोटा चौथाईवर येतो.

गच्चीवरून

सावलीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. आमच्या पॅनेलवर दुपारी डिश अँटेनाची थाळीएवढी सावली पडत असे आणि तेवढ्याने कितीसा फरक पडणार, अशी सर्वांची समजूत होती. पॅनेलमधले सेल एका दावणीला बांधलेल्या बैलांसारखे असतात. एक बसला की त्या दावणीतले सगळे थांबतात. बहुतेक पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग, असतात, त्यामुळे एका सेलवर गडद सावली आली तर एक तृतीयांश भाग बाजूला पडतो आणि उरलेला काम करत राहतो. आमच्या कंट्रोलरच्या पडद्यावर नेमका तोच तिसरा हिस्सा रोज दुपारी गायब होत असे. अँटेना हलवली आणि प्रश्न मिटला. पक्ष्यांना मात्र हलवता आलेले नाही. त्यांची विष्ठा वाळून घट्ट बसते आणि ती पुसण्यासाठी सकाळी लवकर, काच तापण्यापूर्वी वर चढावे लागते.

परसदार

गच्चीवरून, पक्ष्यांपुढे आम्हीही हात टेकले आहेत. काठीला स्पंज बांधून पाहावा, तेवढेच चढणे वाचते.

मंद दिवा

राउटरचा उल्लेख वाचून राहवले नाही, कारण त्याहून मोठा छुपा खादाड इन्व्हर्टर आहे. त्यावर काहीही जोडलेले नसताना, नुसते बटण चालू असतानाही तो 10 ते 20 वॅट घेत राहतो. 15 वॅट धरले तरी 24 तासांत 360 वॅट-तास होतात, म्हणजे धागाकर्त्यांच्या पंख्याहून अधिक. आम्ही दिवे आणि पंखा 12 व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीतून येणाऱ्या एकदिश प्रवाहावर, घेतले आणि इन्व्हर्टर केवळ लॅपटॉप वापरताना सुरू करतो. राउटरही डीसीवरच आहे, पण बॅटरीला थेट जोडलेला नाही. चार्ज होताना तिचे व्होल्टेज 14 च्या पुढे जाते आणि रात्री 12 च्या खाली उतरते, म्हणून मध्ये स्थिर 12 व्होल्ट देणारा लहान कन्व्हर्टर बसवला आहे.

तारतम्य

मंद दिवा यांच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त डीसीच्या सुरक्षिततेबद्दल थोडे लिहितो. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला तर क्षणभरात शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. मी पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळतो आणि हातातली अंगठी व घड्याळ काढून ठेवल्याशिवाय बॅटरीला हात लावत नाही. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते. घरगुती एसीचा (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा) एमसीबी, म्हणजे प्रवाह अति झाला की आपोआप पडणारा स्विच, इथे चालत नाही : 50 हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विचमधली ठिणगी आपोआप विझते; डीसी शून्यावर येतच नाही आणि ठिणगी जळत राहते. डीसीसाठीच बनवलेला ब्रेकर घ्यावा, तसेच ऊन असताना पॅनेलचे कनेक्टर प्रवाह चालू ठेवून ओढू नयेत. जोडताना कंट्रोलरला बहुधा आधी बॅटरी आणि मग पॅनेल लावतात, काढताना क्रम उलटा. तरी त्याची पुस्तिका एकदा वाचून घ्यावी.

निवांत

बॅटरीबद्दलच्या उत्तरासाठी आभार. सलग दोन दिवस ऊन नसेल तर काय करता?

परसदार

दोन दिवसांचा साठा हवा असेल तर आमच्या गरजेनुसार 2000 वॅट-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिच्या बाबतीत 12 व्होल्टच्या सुमारे 330 अँपिअर-तासांचा (व्होल्टने गुणले की वॅट-तास होतात) बोजा उचलावा लागला असता; लिथियम 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, तेव्हा 12.8 व्होल्टचे 200 अँपिअर-तास पुरतात. आम्ही साठा एकाच दिवसाचा ठेवला आहे. ढगाळ दिवशी लॅपटॉप घरात नेतो आणि रात्री राउटर बंद करतो, तेवढ्यावर भागते.

निवांत

मग लहान फ्रिज ठेवण्याचा विचार सोडून द्यावा का?

एक बघ्या

लगेच सोडू नका, आधी मोजा. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, म्हणून इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, आणि तो धक्का सोसणारा हवा. रोजची वीज मात्र लेबलावरच्या वॅटना 24 ने गुणून काढू नये, कारण कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो आणि हा आकडा विनाकारण फुगतो. प्लगमध्ये बसणारे वॅट-मीटर मिळते; ते लावून फ्रिज घरातच पूर्ण दिवसभर चालवावा आणि जो आकडा येईल तो धागाकर्त्यांसारख्या यादीत शेवटी लिहावा.

निवांत

मीटर मागवते. आकडा आला की इथेच कळवीन.